गोदा पंप्सची विक्री

"गोदा विकायचा आहे," कारखानीस साहेब म्हणाले. "सगळा."

जयंतीभाई खिडकीशी उभे राहून मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होते. त्यांनी बोलणं अर्धवट तोडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब शांतपणे खारी बिस्किटाचा तुकडा चहात बुडवत होते.

"गोदा?" मी म्हणाले. "गोदा पंप्स?"

"आपल्याकडे दुसरा कुठला गोदा आहे?"

२००८ सालचा ऑक्टोबर होता. बाजार रोज सकाळी कोसळायचा आणि दुपारी आणखी खाली जायचा. फोर्टातल्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात लोक एकमेकांशी दवाखान्यात बोलावं तसं हळू आवाजात बोलत. अशा वेळी विकणारी माणसं सगळीकडे होती, पण सुधाकर कारखानीस त्यांच्यातले नव्हते. सबंध बाजार त्यांना ओळखायचा तो न विकण्याबद्दलच.

विमा कंपनीत कारकून असताना त्यांनी नाशिकच्या एका लहानशा पंपांच्या कारखान्याचे शेअर घेतले होते. त्याआधी तीन रविवार नाशिकला जाऊन ते कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर बसले होते. कामगार सुट्टीत काय बोलतात ते ऐकायला, असं ते सांगायचे. मग दर वर्षी बोनस मिळाला की थोडे आणखी. अठ्ठावीस वर्षांत एकही शेअर विकला नव्हता. नोकरी सोडली, स्वतःचं ऑफिस काढलं, शेकडो कोटींची माया उभी केली, पण गोदाला हात लावला नाही. नवीन मुलांना ते सांगायचे, "बाजारात हुशार माणसं पुष्कळ आहेत. थांबणारी कमी आहेत. तुम्ही थांबणारे व्हा."

मी एकोणतीस वर्षांची होते, चार्टर्ड अकाउंटंट होते आणि पाच वर्षं त्यांच्या हाताखाली कंपन्यांचा अभ्यास करत होते. माझ्या हिशोबांवर माझा पक्का विश्वास होता. तो आजही आहे.

"अमरावतीसाठी?" मी विचारलं.

"अमरावतीसाठी."

त्या वर्षी फेब्रुवारीत साहेब एका लग्नाला अमरावतीला गेले होते. तिथे कोणीतरी त्यांना ऐकू न येणाऱ्या लहान मुलांची एक शाळा दाखवायला नेलं. परत आले ते अठरा कोटींचा शब्द देऊनच. पाच जिल्ह्यांतल्या प्रत्येक नव्या बाळाचे कान तपासायचे, लागेल त्याला यंत्र द्यायचं, लागेल त्याची शस्त्रक्रिया करायची, आणि मग बोलायला शिकवायचं. जागा मिळाली होती. नकाशे झाले होते. आणि मग बाजार बुडाला.

"बाकी काही विकून नाही भागणार?" मी जयंतीभाईंना विचारलं. ते आमचे दलाल, साहेबांचे तीस वर्षांचे दोस्त.

"बाकी कशाला गिऱ्हाईक कुठे आहे, केतकीबेन? एवढा मोठा माल आज कोण घेणार? गोदालाच एक विमा कंपनी तयार आहे, एकगठ्ठा. अठ्ठ्याण्णव रुपये म्हणते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होय की नाही सांगायचं."

"जानेवारीत तीनशे दहा होता!"

"मी तरी काय दुसरं सांगतो आहे साहेबांना? आज विकेल तो रडेल."

मी खुर्ची साहेबांच्या टेबलाजवळ ओढली. "साहेब, गोदाकडे तीन वर्षांच्या ऑर्डरी आहेत. कर्ज नाही. नवा कारखाना मार्चमध्ये सुरू होतोय. भाव पडलाय तो लोक घाबरलेत म्हणून. चार वर्षांत हा शेअर तिप्पट होणार, आणि मी हात राखून बोलतेय. आज विकलात तर एक केंद्र होईल आणि गोदा संपेल. चार वर्षं थांबलात तर तीन केंद्रं होतील. अमरावती, नांदेड, जळगाव. तिप्पट मुलांना ऐकू येईल. तुम्ही शब्द मोडत नाही आहात, फक्त पुढे ढकलताय. तुम्ही इतकी वर्षं आम्हाला हेच शिकवलंत ना?"

"हेच शिकवलं," साहेब म्हणाले.

"मग माझ्या बोलण्यात कुठे चूक आहे?"

"कुठेच नाही." त्यांनी कप बाजूला सरकवला. "तू एक कर. गुरुवारच्या गाडीने माझ्याबरोबर अमरावतीला चल. शुक्रवारचा दिवस तिथे राहू. त्यानंतरही तुला वाटलं विकू नये, तर मी विकणार नाही."

"म्हणजे मी ठरवायचं?"

"तू ठरवायचं."

जयंतीभाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र मनातून आनंद झाला होता. मला माहीत होतं की मी जिंकणार आहे.

* * *

प्रवासात साहेबांनी गोदाचं नावही काढलं नाही. बडनेऱ्याला उतरलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. एका जुन्या गाडीतून आम्ही अमरावतीच्या कॅम्प भागात गेलो. भाड्याचा बैठा बंगला, पुढे अंगण, अंगणात पेरूचं झाड. शाळा म्हणजे एवढंच.

उमाळे मॅडम दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, गळ्यात दोरी बांधलेला चष्मा. मंदाकिनी उमाळे. मुलांना बोलायला शिकवणं हे त्यांचं काम, आणि शाळा सुरूही त्यांनीच केलेली. चहा आला. मी वेळ घालवला नाही.

"मॅडम, एक स्पष्ट विचारते. समजा, मोठ्या केंद्राचं काम चार वर्षं पुढे गेलं, पण तेव्हा तिप्पट पैसे मिळाले, तर?"

मी त्यांच्या विरोधाची तयारी ठेवली होती. त्याची उत्तरंही माझ्याजवळ होती. पण उमाळे मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "तिप्पट? चालेल की. चांगलंच आहे. आम्ही तोवर असंच चालवू. आम्हाला सवय आहे." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्या उठल्या. "माझा तास आहे. तुम्ही बसा. हवं तिथे फिरा."

मी साहेबांकडे बघितलं.

"ऐकलंत ना?" मी म्हणाले.

"ऐकलं," ते म्हणाले आणि बिस्किटाला हात घातला.

बाहेरच्या खोलीत पालक बसले होते. बहुतेक आयाच. जिल्ह्यातून सकाळी एसटीने यायचं, मुलाचा तास होईपर्यंत थांबायचं, दुपारी परत. कोपऱ्यात एक तिशीची बाई दोन मुलींना घेऊन बसली होती. धाकटी चारेक वर्षांची, दोन्ही कानांमागे यंत्रं, आणि तोंड एक क्षण बंद नाही.

"तुमी मुंबईच्या हाय का?" तिने मला विचारलं. "मुंबईत समुद्र हाय. तुमी समुद्रात जाता का? तुमचं नाव काय? माझं आचल."

"आचल, बस झालं," आई म्हणाली. "राग नका मानू जी. थकतच नाही बोलायले."

मला हसू आलं. "मला वाटलं, इथल्या मुलांना बोलता येत नसेल."

"हिले काहीच आयकू येत नव्हतं. मशीन काढली का आताबी नाही येत."

मी चकित झाले. त्या पोरीचा शब्द अन् शब्द स्वच्छ होता. नुसता स्वच्छ नव्हता, त्यात वऱ्हाडी हेल होता. तो तिने कुठून उचलला असेल, तर ऐकूनच.

तेवढ्यात थोरलीने माझा हात धरला. ती नऊ-दहा वर्षांची होती. उंच, शेलाटी, डोळे विलक्षण तरतरीत. तिच्याही कानांमागे तशीच यंत्रं होती. तिने मला खिडकीशी ओढत नेलं आणि बाहेर पेरूच्या झाडाकडे बोट दाखवलं. तोंडातून आवाज आला, पण त्याचा शब्द झाला नाही.

"काय गं?" मी विचारलं.

तिने पुन्हा झाडाकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग हाताने काहीतरी खाली पडल्याची खूण केली.

आचल धावत आली. "ताई म्हनते जांब पाडून द्या."

थोरलीने जोरात मान हलवली.

"मंग ताई म्हनते झाडावर मांजर हाय."

थोरलीने पाय आपटला. तिने माझ्या चेहऱ्याकडे बोट केलं, पुन्हा झाडाखाली, पुन्हा माझ्याकडे. ती तोंड उघडून जीव तोडून प्रयत्न करत होती. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी वाकून तिच्या ओठांकडे बघत राहिले. मला काही म्हणजे काही कळेना.

"गाडी?" मी म्हणाले. "आमची गाडी? पाणी हवंय? बाहेर जायचंय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. असल्या ढ बाईला कसं समजवायचं, असा तो चेहरा होता.

शेवटी तास संपवून उमाळे मॅडम आल्या. थोरली त्यांच्याकडे धावली आणि तिचे हात भराभर चालू लागले. मॅडम बघत होत्या. त्या हसल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"कांचन म्हणतेय, गाडीतून उतरताना तुमच्या कानातलं एक पडलं. झाडाखाली. ती केव्हाची सांगतेय."

माझा हात कानाकडे गेला. डाव्या कानात मोती नव्हता.

कांचन तोवर अंगणात पोचलीही होती. ती मोती घेऊन आली, माझ्या तळहातावर ठेवला आणि आईजवळ जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिला थँक यू म्हटलं ते तिला दिसलं नाही.

"भयंकर हुशार आहे ती," उमाळे मॅडम म्हणाल्या. "हातांची भाषा तीन वर्षांत उचलली. माझ्याशी, इथल्या मुलांशी तासन् तास गप्पा मारते. पण अंजनगावात तिच्याशी हातांनी बोलणारं कोण आहे? इथे येईपर्यंत तिच्याजवळ कुठलीच भाषा नव्हती, हातांची नाही आणि तोंडाची नाही."

"हिची यंत्रं वेगळी आहेत का?" मी विचारलं. "धाकटीची जास्त चांगली?"

उत्तर आईने दिलं. दुर्गा खंडारे तिचं नाव. नवरा ऑटो चालवायचा, ती शिवणकाम करायची.

"मशीन एकच हाय जी. एकाच दिवशी बसोली दोघीले. बाईबी ह्याच. घरबी तेच, मायबी मीच. हे पाच वर्साची होती, आन् हे पाच महिन्याची. येवढाच फरक."

"मग मोठीला आधी का नाही आणलं?"

प्रश्न तोंडातून गेला तेव्हाच मला तो नको होता. पण तिने वाईट वाटून घेतलं नाही. तिने हे बहुधा पुष्कळांना सांगितलं असावं.

"दाखोलं ना. सासू म्हने, पोरं उशिरा बोलतेत, थांब. गावचे डॉक्टर म्हनत, मोठी झाली का बोलन, थांब. तिकडं तपासाची मशीनच नव्हती, तर कोन सांगन? सगळ्यायनं सांगतलं, थांब." तिने कांचनच्या पाठीवर हात ठेवला. "मी थांबली."

आचल आता साहेबांच्या मांडीवर चढली होती आणि त्यांना समुद्राबद्दल विचारत होती. कांचन अजून भिंतीकडे तोंड करून होती.

मी अंगणात आले.

मी पाच वर्षं लोकांना एक तक्ता दाखवत असे. पंचविसाव्या वर्षी पैसे गुंतवणारा आणि पस्तिसाव्या वर्षी गुंतवणारा, दोघांचे साठाव्या वर्षी किती होतात त्याचा. लोक तो बघून थक्क होत, आणि मी सांगे की पहिली वर्षं गेली की ती कितीही पैसे ओतून परत मिळत नाहीत. तो तक्ता आत दोन मुलींच्या रूपात बसला होता आणि त्यांच्या आईने मला तो मोजक्या वाक्यांत वाचून दाखवला होता. आत्ता त्या पाच जिल्ह्यांत कुठेतरी एखादी बाई पाच महिन्यांचं मूल मांडीवर घेऊन बसली असेल आणि तिला कोणीतरी थांब म्हणत असेल. तिला मीही तेच सांगायला निघाले होते.

मी मोबाइल काढला आणि जयंतीभाईंना फोन लावला.

साहेब मागून आले. "मी अजून तुला विचारलेलं नाही."

"विचारू नका," मी म्हणाले. "हॅलो, जयंतीभाई? गोदा द्यायचा आहे. पण अठ्ठ्याण्णवला नाही. एकशे चार."

"बेन, आज बाजार आणखी पडला! ते अठ्ठ्याण्णवावरच राहिले तरी नशीब."

"त्यांना सांगा, हा गठ्ठा अठ्ठावीस वर्षांत कधी बाजारात आला नव्हता आणि परत येणार नाही. विमा कंपनीला वीस वर्षांनी पैसे लागतात, तिला असा माल दुसरा मिळणार नाही. त्यांच्या माणसाने अभ्यास केला असेल तर त्याला हे माहीत आहे. सोमवारी फोन केलात तर एकशे दहा म्हणावं."

"सोमवारी आपण कुठे असू, देवाला माहीत!"

"ती भीती आपल्याला माहीत आहे. त्यांना माहीत नाही."

साहेब पेरूच्या झाडाला टेकून उभे होते. ते खाली मान घालून हसत असल्याचं मला दिसलं. अर्ध्या तासाने फोन वाजला. एकशे तीन. मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, काही खूण केली नाही.

"दिले," मी म्हणाले.

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना मला राहवलं नाही.

"साहेब, माझा हिशोब चुकला नव्हता."

"अजिबात नाही. चार वर्षांत तिप्पट होईल म्हणालीस ना? मला तर जास्तच वाटतं."

"मग तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षांची सोबत होती." आणि त्यांनी फलाटावरच्या विक्रेत्याकडून दोन चहा घेतले.

* * *

गोदा चार वर्षांत साडेतीनपट झाला. आठ वर्षांत अकरापट.

केंद्र दीड वर्षात उभं राहिलं. सरकारी दवाखान्यांत बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवशी केंद्राची परिचारिका छोटं यंत्र घेऊन त्याच्या खाटेशी जाऊ लागली. पण ही बातमी मुंबईत कोणाला फारशी माहीत नव्हती. बाजाराला गोदा माहीत होता. एका मासिकाने 'मोठ्या गुंतवणूकदारांच्या मोठ्या चुका' असा अंक काढला, त्यात पहिलं पान साहेबांचं होतं. उभ्या आयुष्यात घाबरले नाहीत ते कारखानीस २००८ मध्ये घाबरले, असा मजकूर. टीव्हीवर एका पोरसवदा निवेदकाने तेच विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "हो, स्वस्तात गेला," आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागले.

तो कार्यक्रम बघून मी दुसऱ्या दिवशी थेट हिंदू कॉलनीत त्यांच्या घरी गेले. साहेब तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे होते, ऑफिसला क्वचित यायचे. सगळा कारभार मी बघत होते. माझं नाव झालं होतं, आणि दोन मोठ्या कंपन्या मला स्वतःचा फंड काढून द्यायला तयार होत्या.

"तुम्ही त्याला खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं. "निदान मला सांगू द्या. त्या मासिकाला मी लिहिते."

"काय लिहिणार? स्वस्तात नव्हता गेला?"

"गेला. पण का ते..."

"त्यांचा अंक बाजाराबद्दल आहे. बाजाराच्या दृष्टीने ती चूकच. बस खाली."

मी बसले. कारखानीसकाकू चहा घेऊन आल्या.

"साहेब, एक विचारायचं राहूनच गेलं," मी म्हणाले. "त्या दिवशी मी विकू नका म्हणाले असते तर तुम्ही खरंच विकला नसता?"

"नसता. शब्द दिला होता तुला."

"आणि केंद्र?"

"शब्द त्यांनाही दिला होता."

"मग पैसे कुठून आणणार होतात?"

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. काकू हसायला लागल्या. "हे घर, आणि लोणावळ्याची जमीन. दोन्हींची गिऱ्हाइकं बघून ठेवली होती. तुम्ही गाडीत बसलात आणि इथे मी भांडी खोक्यांत भरायला घेतली. शुक्रवारी संध्याकाळी ह्यांचा फोन आला की राहू दे, तेव्हा परत काढली."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे केंद्र होणारच होतं! मग मला कशाला नेलंत? इतका मोठा निर्णय एका एकोणतीस वर्षांच्या मुलीवर टाकायची काय गरज होती?"

"तू ऑफिसमधली सगळ्यात हुशार होतीस," साहेब म्हणाले. "हिशोबात तुला कोणी हरवू शकत नव्हतं, मीसुद्धा. मला बघायचं होतं की स्वतःचा हिशोब बरोबर असताना तू तो बाजूला ठेवू शकतेस का. ते कुठल्या परीक्षेत कळत नाही. तू ठेवलास. आणि वर पाच रुपये भाव वाढवून घेतलास, ते मी धरलंच नव्हतं." "लोक म्हणतात, त्या दिवशी मी विकलं. मी त्या दिवशी माणूस घेतलं. गोदानंतरची माझी सगळ्यात चांगली खरेदी. आठ वर्षं ठेवून दिली, बोललो नाही. आता बोलतो. माझं जे आहे ते बहुतेक सगळं केंद्राच्या ट्रस्टला जाणार आहे. नांदेडही करायचंय, जळगावही. ट्रस्ट तू चालव. पूर्ण वेळ."

काकूंनी माझ्यासमोर बशी सरकवली. बाहेर रस्त्यावर शाळा सुटली होती, मुलांचा गलका वर येत होता. मला त्या दोन कंपन्या आठवल्या, त्यांचे आकडे आठवले. मी ते आकडे मनात नीट मांडून बघितले, जसे नेहमी बघते.

"पगार काय देणार?" मी विचारलं.

"आत्ता घेतेस त्याच्या निम्मा."

"आणि वाढ?"

"वाढ तू बघून आली आहेस," कारखानीस साहेब म्हणाले. "आचल तिचं नाव."

त्या जूनमध्ये मी रुजू झाले.